नाशिकची जुनी टपाल तिकिटे

नाशिक रोड येथील सिक्युरिटी प्रेसमध्ये 1926 पासून छापलेली, संग्राहकांच्या आवडीची तिकिटे. त्याआधी भारताची तिकिटे लंडनच्या डे ला रू कंपनीकडून येत. पंचम जॉर्जच्या तिकिटांत दोन्ही छपाया वरवर सारख्याच दिसतात. ओळख पटते ती जलचिन्हावरून. तिकीट काळ्या बशीत उलटे ठेवून बेंझिनचा थेंब टाकला, की लंडनच्या कागदात एकच तारा दिसतो, नाशिकच्या कागदात ताऱ्यांची नक्षी. हा क्षण फार सुंदर असतो! 1929 ची हवाई टपालमाला आणि 21 नोव्हेंबर 1947 चे साडेतीन आण्यांचे ‘जय हिंद’ तिकीटही इथलेच. अशा तिकिटांची किंमत मूळ डिंक, शाबूत दंतुर कडा आणि मध्यभागी बसलेले चित्र यांवर ठरते.