चांद्र छायाचित्रांतील कृत्रिम रचनांचा शोध
चंद्रपृष्ठाच्या छायाचित्रांचे परीक्षण करून त्यांत बुद्धिमान प्राण्यांनी उभारलेल्या वास्तू, यंत्रे वा मार्ग यांच्या खुणा शोधण्याचा, मुख्यत्वे हौशी अभ्यासकांनी चालविलेला उपक्रम. ही प्रवृत्ती छायाचित्रणापेक्षा जुनी आहे. म्यूनिक येथील वैद्य व निरीक्षक फ्रांट्स फोन पाउला ग्रूटहाउझेन (१७७४–१८५२) यांना १८२२ मध्ये श्र्यॉटर विवराजवळ तटबंदीसारख्या रेषांचे जाळे दिसले व त्यांनी ते एका नगराचे अवशेष म्हणून १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. अधिक शक्तिशाली दूरदर्शकांतून तेथे केवळ अनियमित कटक आढळले. जॉन ओनील या अमेरिकन विज्ञानपत्रकारास १९५३ मध्ये मारे क्रिसियमच्या काठी दिसलेला ‘पूल’ हाही तिरप्या सूर्यप्रकाशाचा परिणाम होता.

या विषयास खरी चालना मिळाली ती ‘लूनर ऑर्बिटर’ यानांमुळे. अपोलो मोहिमांसाठी उतरण्याच्या जागा निवडण्याकरिता अमेरिकेने १९६६-६७ मध्ये अशी पाच याने चंद्राभोवती फिरविली आणि चंद्राच्या सु. ९९ टक्के पृष्ठभागाची छायाचित्रे प्रथमच उपलब्ध झाली. त्यांपैकी दुसऱ्या यानाने नोव्हेंबर १९६६ मध्ये शांतिसागराच्या पश्चिम भागाचे जे चित्र घेतले, त्यात काही सुळके लांबच लांब छाया टाकताना दिसतात. बोइंग कंपनीच्या संस्थेत काम करणारे विल्यम ब्लेअर यांनी यांतील सात बिंदूंची मांडणी भूमितीय असल्याचे मत मांडले. हे सुळके पुढे ‘ब्लेअर कस्पिड’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

ब्लेअर यांचा युक्तिवाद दोन गोष्टींवर उभा होता : छायांची लांबी आणि बिंदूंची रचना. चित्र घेताना सूर्य क्षितिजापासून सु. ११° वर होता. अशा स्थितीत सपाट जमिनीवर एक मीटर उंचीच्या दगडाची छाया पाच मीटरांहून थोडी अधिक लांब पडते. परंतु जमीन सूर्याच्या विरुद्ध दिशेस केवळ ४° उतरती असेल, तर तीच छाया आठ मीटर होते. म्हणजे उतार लक्षात न घेणारा परीक्षक उंची दीडपटीहून अधिक धरून बसतो आणि साधा शिलाखंड त्यास स्तंभ वाटू लागतो. बोइंगमधीलच रिचर्ड शॉर्टहिल यांनी हा आक्षेप त्या वेळीच घेतला होता. बिंदूंविषयी सांगावयाचे, तर कोणत्याही सात बिंदूंपासून ३५ त्रिकोण तयार होतात. मोजमापात थोडी सूट दिली की, त्यांत काही समद्विभुज निघणारच. ब्लेअर यांनी निदान आपली मोजमापे तपासता येतील अशा रीतीने मांडली. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांविषयी असे म्हणता येत नाही.

लूनर ऑर्बिटरच्या चित्रांचे तंत्र समजून घेतल्याविना त्यांचे परीक्षण करणे धोक्याचे असते. यानातच फिल्म धुतली जाई, मग एका सूक्ष्म प्रकाशबिंदूने ती पट्ट्यापट्ट्यांनी वाचली जाई आणि आलेल्या संकेतांपासून पृथ्वीवर त्या पट्ट्या पुन्हा फिल्मवर उतरवून शेजारी शेजारी जोडल्या जात. धुण्याच्या क्रियेत राहिलेले बुडबुडे व डाग, तसेच पट्ट्यांच्या जोडरेषा चित्रात कायम राहिल्या. तिसऱ्या यानाच्या सायनस मेडिआय भागातील चित्रांत १९९० नंतरच्या दशकात रिचर्ड होगलंड यांनी क्षितिजावर काचेचे मनोरे असल्याचा दावा केला, तो अशाच चित्रांच्या आधारे. विवर्धनाने प्रतिमा मोठी होते, तपशील वाढत नाही; प्रतीवरून प्रत काढत गेल्यास फिल्मचे कणच आकार धारण करतात. पुढे संगणकीय चित्रे आली तेव्हा संपीडनातून उद्‌भवणाऱ्या ८ × ८ बिंदूंच्या चौकटींना ‘इमारती’ मानण्याचा प्रकार सुरू झाला. प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे न पाहिल्यास खड्डे घुमटांसारखे भासतात, ही चूक तर सर्वांत सामान्य होय.

जॉर्ज लेनर्ड (१९७६) व फ्रेड स्टेकलिंग (१९८१) यांच्या पुस्तकांनी या विषयास मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. व्हिटेलो विवरातील गडगडत गेलेल्या शिळांचे माग त्यांपैकी लेनर्ड यांच्या दृष्टीने गूढ होते. वस्तुतः उतारावरून घरंगळलेल्या शिळा व त्यांचे चर चंद्रावर पुष्कळ ठिकाणी आढळतात, आणि भूवैज्ञानिकांना मातीची भारक्षमता ठरविण्यास ते उपयोगीही पडले आहेत.

जून २००९ मध्ये सोडलेल्या ‘लूनर रिकनिसन्स ऑर्बिटर’ या यानाच्या कॅमेऱ्याने प्रत्येक चित्रबिंदूस सु. अर्धा मीटर इतके सूक्ष्म चित्रण केले व चित्रे सर्वांस खुली झाली. अपोलो यानांचे खालचे भाग आणि अंतराळवीरांच्या पावलांनी उमटलेल्या वाटा त्यांत स्पष्ट दिसतात. जुन्या दाव्यांतील मनोरे मात्र दिसत नाहीत. या चित्रसंग्रहात परकीय वस्तू शोधण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवावे, अशी सूचना ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील पॉल डेव्हिस व रॉबर्ट वॅग्नर यांनी एका शोधनिबंधात केली. यश मिळण्याचा संभव अल्प असला, तरी खर्चही अल्प आहे, असा त्यांचा विचार होता.

हौशी परीक्षकास या चित्रांत कृत्रिम वस्तू खरोखरच सापडल्याचे एक उदाहरण भारताशी निगडित आहे. चांद्रयान-२ मोहिमेचा ‘विक्रम’ हा अवतरक ७ सप्टेंबर २०१९ रोजी (भारतीय वेळ) चंद्रावर कोसळला. १७ सप्टेंबर रोजी घेतलेली चित्रे प्रसिद्ध झाल्यावर चेन्नई येथील एका अभियंत्याने त्याच प्रदेशाच्या अपघातापूर्वीच्या चित्रांशी त्यांची तुलना केली. मुख्य आघातस्थळापासून सु. ७५० मी. वायव्येस, आधीच्या चित्रात नसलेला एकच उजळ चित्रबिंदू त्यास आढळला व त्याने तो कॅमेरा-चमूस कळविला. चमूने अधिक अनुकूल प्रकाशातील चित्रे घेऊन पडताळा पाहिला आणि नासाने २ डिसेंबर २०१९ रोजी अवशेष सापडल्याचे जाहीर केले. ११ नोव्हेंबरच्या चित्रात सर्वांत मोठे तीन तुकडे प्रत्येकी २ × २ चित्रबिंदूंएवढे असून त्यांची छाया एका चित्रबिंदूएवढी आहे.