पोटखराब जमिनीवरची सफारी

१८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या ब्रिटिश शिकाऱ्याने एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. आजच्या अहिल्यानगरमध्ये. आज पृथ्वीवर मोकळे फिरणारे माळढोक सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले जवळपास सगळे राजस्थानात आहेत. म्हणजे आज अख्ख्या जगात जेवढे आहेत, त्याच्या सहापट माळढोक एका माणसाने एका जिल्ह्यात मारले होते. आणि तरीही त्याला मारायला ते मिळत राहिले, हेही त्या आकड्यातून कळतं.

आता मोबाईलवर ‘कोरी बस्टर्ड’ शोधा. टांझानियाच्या सेरेंगेटीत किंवा केनियाच्या मसाई मारात पक्षी-सफारीला गेलेल्या कुणाच्याही फोटोंत तो सापडेल. उंच मान, डोक्यावर काळा तुरा, गवतातून निवांत चालणारा, १५-१८ किलोपर्यंत भरणारा पक्षी. हा माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ. शास्त्रीय नावात दोघांचं आडनाव एकच आहे, ‘आर्डिओटिस’. तिकडे गाईड जीप थांबवतो, बोट दाखवतो आणि पर्यटक दोन फोटो काढून पुढे सिंहाकडे वळतात. इकडे सोलापूरच्या नान्नजला माळढोक दिसला, तर त्याची बातमी होते.

दोन्ही भाऊ एकाच तऱ्हेच्या जमिनीवर राहणारे. मग एक जीपमधून सहज दिसतो आणि दुसरा बातमीत, हे कसं झालं? मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला आहे. दोन सारख्या सिस्टिम एकाच इनपुटवर वेगळं आउटपुट देत असतील, तर आम्ही आधी लॉग उघडतो. इतिहास हाही एक लॉगच.

सफर आणि सफारी

‘सफारी’ हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतला ‘सफर’ व्यापाऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि स्वाहिलीत ‘सफारी’ झाला. तोच शब्द फारसीतून दख्खनमध्ये आला आणि मराठीत ‘सफर’ म्हणून राहिला. दोघांचा अर्थ एकच, प्रवास. त्याला बंदूक नंतर चिकटली.

१८९६ ते १९०१ मध्ये ब्रिटिशांनी मोंबासाहून आत व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत युगांडा रेल्वे बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. रुळांची रुंदी ठेवली हिंदुस्थानात सरावाची झालेली, मीटर गेज. साधारण त्याच वर्षांत निजामाच्या राज्यात मनमाडहून औरंगाबाद, परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी रेल्वे तयार होत होती. तीही मीटर गेजच. आमचं ताडकळस याच पूर्णा तालुक्यातलं.

एकाच मापाचे रूळ, पण दोन्हीकडे त्यांनी वेगळी कामं केली. मराठवाड्यात गाडी आल्यावर काळ्या जमिनीतला कापूस थेट मुंबईच्या वाटेला लागला आणि जमिनीची किंमत पिकात मोजायची सवय पक्की झाली. तिकडे त्याच मापाच्या गाडीतून शिकारी आले. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मोंबासाला उतरले आणि इंजिनाच्या पुढे बसवलेल्या बाकावर बसून प्राणी बघत आत गेले. त्या सफारीत त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरं मारली. संग्रहालयासाठी, असं कारण होतं. यानंतर श्रीमंतांच्या आफ्रिका-सफारीची फॅशनच आली.

बंदुकीची जागा दुर्बिणीने घ्यायला बरीच वर्षं गेली. १९५१ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झालं. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर सरसकट बंदी घातली. तोवर तिथल्या देशांच्या लक्षात आलं होतं, की मारलेल्या पक्ष्याचे पैसे एकदाच मिळतात, जिवंत पक्ष्याचे दर हंगामात मिळतात. एकट्या केनियात सुमारे ११०० जातींचे पक्षी आहेत. १९८६ मध्ये तिथे तिघांनी २४ तासांत ३४२ जाती बघून नोंदवल्या. पाणथळीत बगळे-फ्लेमिंगो, सव्हानात माळपक्षी, काकामेगासारख्या जंगलात धनेश आणि टुराको, असा दौरा आखून देणं हा तिथला रीतसर धंदा झाला. १९९६ पासून केनियात सफारी गाईडांची संघटना परीक्षा घेते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या असतात आणि पक्ष्यांची नावं, हाका, सवयी अभ्यासाव्या लागतात.

आपलाही सव्हाना होता

इथे कुणी म्हणेल, आफ्रिकेची गोष्टच वेगळी. तिथे सव्हाना आहे, आपल्याकडे नुसतं माळरान.

सव्हाना म्हणजे काय? गवताचं राज्य, मधेमधे काटेरी झाडं, ठरावीक महिन्यांत पाऊस, बाकीचे महिने कोरडे, आणि चरणारी जनावरं. हे वर्णन वाचून सेरेंगेटी आठवते, तशीच बालाघाटाची पठारं, सोलापूर-धाराशिवकडचे माळ आणि माणदेशही आठवायला हवा. पखुर्डी, धाविक, चंडोल ही मंडळी दोन्हीकडे आहेत, फक्त जाती वेगळ्या.

पण आपल्या मनात एक समज घट्ट बसलाय, की इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, ते तोडलं आणि उरला तो माळ. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी या समजाची तपासणी केली आणि पुरावा शोधला तो मराठी साहित्यात. १३व्या शतकापासूनच्या कथा, चरित्रं, कविता, ओव्या त्यांनी चाळल्या. त्यात ४४ रानटी वनस्पतींचे उल्लेख मिळाले. त्यातल्या २७ खास सव्हानातल्या निघाल्या, जंगलाच्या म्हणाव्यात अशा फक्त ३. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला हा गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षं गवताळच आहे. पंढरपुरात कान्होपात्रेच्या कथेत उगवतं ते झाडही वड किंवा पिंपळ नाही, तरटी आहे. कोरड्या माळावरचं काटेरी झाड.

पक्ष्यांना हे आपल्याआधी ठाऊक होतं. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे शिकारी पक्षी युरोप-मध्य आशियात वाढतात आणि हिवाळ्याला दक्षिणेकडे निघतात. काही आफ्रिकेच्या सव्हानात उतरतात, काही दख्खनच्या माळावर. त्यांच्या लेखी ही एकाच तऱ्हेची जमीन आहे. आणि ज्याला आपण आपल्या पावसाचा पक्षी मानतो, तो चातक? उत्तर आणि मध्य भारतात मान्सूनबरोबर येणारे चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात. २०२० मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने दोन चातकांना उपग्रह-टॅग लावले तेव्हा त्यांची नावं ठेवली ‘मेघ’ आणि ‘चातक’. दुष्काळी मराठवाडा ज्याची वाट बघतो, तो पाहुणा आफ्रिकेचा रहिवासीही आहे.

सातबाऱ्याचा एक रकाना

मग फरक कुठे पडला? माझ्या मते, कागदावर.

१९व्या शतकात ब्रिटिशांनी दख्खनची रयतवारी मोजणी केली. पुढे सालारजंगांच्या काळात निजामाच्या राज्यातही मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आली. या मोजणीला एकच प्रश्न पडत होता, जमिनीतून सारा किती मिळेल? पिकेल ती जमीन लागवडीलायक. न पिकेल ती पडीक. आजही सातबारा उघडा, त्यात ‘पोटखराब’ असा शब्द दिसेल. आकार शून्य. गावाची गुरं जिथे चरतात ते गायरान, पण बोलताना आपण त्याला ‘मोकळी जागा’ म्हणतो. मोकळी म्हणजे काहीतरी बांधायला शिल्लक असलेली.

डेटाबेसमध्ये एखादी गोष्ट कुठल्याच प्रकारात बसत नसेल, तर आळशी प्रोग्रॅमर ‘इतर’ नावाचा एक प्रकार करतो आणि उरलेलं सगळं त्यात ढकलतो. पुढे साफसफाईच्या वेळी सगळ्यात आधी उडतं ते ‘इतर’. गवताळ माळाचं नेमकं हेच झालं. १९८५ मध्ये देशपातळीवर पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं. विकास म्हणजे झाडं लावणं. माळावर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ उभी राहिली, कुठे एमआयडीसी आली, कुठे पवनचक्क्या, कुठे सोलर. माळढोक वर्षाला साधारण एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याला झाडं नको असतात, लांबवर दिसेल असं गवत हवं असतं. त्यात वजनामुळे त्याला चटकन वळता येत नाही आणि समोरची वीजतार वेळेवर दिसत नाही. हिरवीगार झालेली जमीनही त्याच्यासाठी गेलेलीच जमीन होती.

८,४९६ चौरस किलोमीटर

प्रयत्न झाले नाहीत, असं नाही. १९७० च्या दशकात सोलापूरच्या पक्षीप्रेमींनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. सेरेंगेटी उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे, यावरून अंदाज घ्या. पण यात तालुकेच्या तालुके आले, गावं आली, लोकांची खाजगी शेतं आली. जमीन विकायची, विहीर काढायची, धंदा टाकायचा, तर आधी अभयारण्याची अडचण. कधी न पाहिलेल्या पक्ष्यामुळे शेतकऱ्याचा व्यवहार अडला आणि माळढोक खलनायक ठरला. अखेर क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी मूठभर उरले होते.

सेरेंगेटीचा इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही. १९५९ मध्ये तिथल्या मसाई पशुपालकांना उद्यानाबाहेर काढून गोरोंगोरोकडे पाठवलं. ज्यांच्या गुरांसह तो सव्हाना शतकानुशतकं नांदला, तेच त्यात उपरे ठरले. आपल्याकडे मेंढरं घेऊन माळ तुडवणाऱ्या धनगरांना चराईबंदीचं कुंपण दिसतं, ते याच विचारातून. गवत चरण्याने संपतं, असं फाईल म्हणते. पण माळाला ठरावीक चराई हवीच असते, नाहीतर तिथे झुडपं माजतात.

दोन्हीकडे लोकांना बाजूला सारलं. पण पुढे पूर्व आफ्रिकेत काही ठिकाणी एक वेगळी गोष्ट घडली.

गाईड कोण?

युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी माबांबा नावाची दलदल आहे. तिथे शूबिल राहतो, बुटासारखी चोच असलेला, कंबरेपेक्षा उंच पक्षी. कोळी त्याला अपशकुनी मानायचे. तो दिसला की मासा मिळत नाही, म्हणून मारायचे. आज त्याच कोळ्यांच्या होड्यांतून परदेशी पाहुणे शूबिल बघायला जातात आणि होडी वल्हवणारा गाईड पक्षी नेमका कुठे उभा असेल ते सांगतो. २००६ मध्ये माबांबा रामसर स्थळ झालं. पक्षी वाचला, कारण तो कुठे सापडतो हे ज्याला माहीत होतं, त्याच्याच घरी त्याचे पैसे जाऊ लागले.

आपल्याकडे हे ज्ञान कुणाकडे होतं? फासेपारध्यांकडे. तित्तिराची हुबेहूब हाक काढणारा, गवताच्या वाकण्यावरून पक्षी ओळखणारा माणूस. पण १८७१ च्या कायद्याच्या चौकटीत पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं गेलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. ९६१ माळढोक मारणारा साहेब इतिहासात ‘शिकारी’ म्हणून राहिला आणि पोटापुरते तित्तिर धरणारा ‘गुन्हेगार’ म्हणून. हा फरक मला माळढोकाच्या आकड्याइतकाच अस्वस्थ करतो.

ही गोष्ट उलटवण्याचे प्रयत्न मात्र आपल्या शेजारीच चालू आहेत. अकोला-वाशिमकडे ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ रानं आणि तणमोर वाचवायचं काम करते. तणमोर हा माळढोकाचा धाकटा नातलग. पावसाळ्यात नर गवतातून टुणकन वर उडी मारतो आणि ते नेमकं कुठल्या माळावर, हे पारध्यांना ठाऊक असतं. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. तिथे लांडगा, चिंकारा आणि माळपक्षी दाखवणारे गाईड गावातलेच असतात.

१९३१-३२ मध्ये सलीम अलींनी निजामाच्या हैदराबाद राज्याचं पक्षी-सर्वेक्षण केलं. परभणी तेव्हा त्याच राज्यात होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पक्षी मारून, कातडी भरून नोंद केली जायची. आज तेच काम ‘ई-बर्ड’सारख्या ॲपवर फोनने होतं, एकही गोळी न झाडता. साधन आपल्या खिशात आलंय.

माळढोक मराठवाड्याच्या माळावर परत येईल, असं मी म्हणणार नाही. जैसलमेरजवळ २०१९ पासून चाललेल्या प्रजनन केंद्रात पिल्लं वाढताहेत, पण त्यांना सोडायला माळ लागेल. तो माळ आज कुठल्यातरी सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून पडलाय, कुठल्यातरी ग्रामपंचायतीच्या ठरावात ‘मोकळी जागा’ म्हणून वाट बघतोय. या दिवाळीत गावी जाल तेव्हा एका सकाळी गायरानावर एक चक्कर मारा. सोबत मेंढरं राखणारा एखादा मामा असला तर त्यांना पक्ष्यांची नावं विचारा आणि फोनमध्ये त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पुढच्या ग्रामसभेत त्या जमिनीवर काय बांधायचं याची चर्चा निघेल, तेव्हा तिथे आधीपासून कोण राहतं याची यादी कुणाकडे तरी असायला हवी.