तळटीप : मॉर्मन रोजनिश्या आणि कुटुंबवृत्तान्तांच्या विश्वासार्हतेविषयी

या प्रकरणात आधाराला घेतलेल्या मॉर्मन रोजनिश्या आणि कुटुंबवृत्तान्त यूटामधील विद्यापीठांच्या व चर्चच्या दप्तरखान्यांत जपलेले आहेत. श्रद्धाळूंनी स्वतःविषयी लिहिलेला मजकूर पुरावा कसा मानायचा, हा आक्षेप रास्तच आहे. १८३० मध्ये हा पंथ स्थापन झाला तेव्हापासूनच नोंद ठेवणे हे धर्मकर्तव्य ठरले. पुढे मृत पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा घ्यायचा तर त्यांची नावे हवीत, म्हणून १८९४ मध्ये वंशावळी जमवणारी संस्था निघाली. हेतू धार्मिक होता, पण त्यामुळे प्रत्येक ओळ स्तुतिपर ठरत नाही. पॅटी सेशन्स या सुईणीच्या रोजनिशीत बाळंतपणे, आजारपणे, पश्चिमेकडच्या वाटचालीतले हाल एकापाठोपाठ येतात. इतकी रोकडी नोंद कोणाचा गौरव करायला केलेली नसते. गौरव शिरतो तो बहुधा नातवंडांनी मागाहून लिहिलेल्या चरित्रांत, म्हणून ही दोन्ही साधने येथे एकाच तोलाची मानलेली नाहीत.

शिवाय अशाच कागदांनी खुद्द समाजाविरुद्धही साक्ष दिली आहे. १८५७ मध्ये माउंटन मेडोज येथे मॉर्मन मिलिशियाने, पाइयूट या तिथल्या आदिवासी जमातीतल्या काहींना हाताशी धरून, सुमारे १२० स्थलांतरितांची कत्तल केली. जुआनिटा ब्रूक्स यांनी, स्वतः निष्ठावंत मॉर्मन असूनही, रोजनिश्या व जबान्या तपासून १९५० च्या आपल्या ग्रंथात त्याचा दोष आपल्याच माणसांच्या पदरात घातला. खरी उणीव वेगळीच आहे : पाइयूटांची बाजू त्यांच्या स्वतःच्या शब्दांत या वह्यांत जवळजवळ सापडत नाही, ती त्यांच्या मौखिक परंपरेतूनच मिळवावी लागते.