स्वाधीन-पराधीन विवेक

(स्टोइक तत्त्वज्ञान). आपल्या हातातले काय आणि हाताबाहेरचे काय, हे आधी निवडून घ्यावे आणि इच्छा, प्रयत्न व काळजी यांचा रोख हातातल्या गोष्टींकडे ठेवावा, अशी शिकवण. प्राचीन ग्रीक-रोमन जगातील स्टोइक पंथात ती रुजली आणि एपिक्टेटस (सु. ५०–सु. १३५) या तत्त्वज्ञाने तिला आज परिचित असलेले रूप दिले. ‘परिस्थिती बदलता येत नसेल, तर प्रतिक्रियेवर ताबा ठेवा’ एवढ्यावरच ती हल्ली बहुधा आटोपली जाते. मूळ मांडणी याहून बारीक आहे. तिची सीमारेषा माणसाच्या आतूनच जाते. आजारपण, दचकणे, छाती धडधडणे, चेहरा पांढराफटक पडणे हे सारे तिच्या हिशेबी पराधीनच आहे. मनात जे उमटले त्याला ‘हो, हे असेच आहे’ अशी संमती द्यायची की नाही, हा निर्णय आणि त्यातून निघणाऱ्या इच्छा व कृतीच्या प्रेरणा एवढेच स्वाधीन आहे.

उगम आणि ग्रंथ. सायप्रस बेटावरील किटियमचा झेनो याने इ. स. पू. ३०० च्या सुमारास अथेन्समधील एका चित्रांकित ओसरीत शिकवायला सुरुवात केली. ग्रीक भाषेत ओसरीला ‘स्टोआ’ म्हणतात. पंथाचे नाव त्यावरूनच पडले. स्वाधीन-पराधीन ही विभागणी मात्र शिकवणीच्या अगदी दारातच मांडली ती एपिक्टेटसने. त्याचा जन्म फ्रिजियातील हिएरापोलिसचा (आजच्या तुर्कस्तानातील पामुक्कले). सम्राट नीरोच्या दरबारातील एपाफ्रोडिटस या अधिकाऱ्याचा तो गुलाम होता. मालक स्वतःही पूर्वी गुलामच होता. एपिक्टेटसचा एक पाय अधू होता. एक परंपरा त्याचा दोष मालकाच्या छळाला देते, तर दुसरी संधिवाताला. गुलामीत असतानाच त्याने म्यूसोनियस रूफस या स्टोइकाकडे अध्ययन केले. पुढे तो मुक्त झाला. पहिल्या शतकाच्या अखेरीस सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोमबाहेर घालवले, तेव्हा त्याने वायव्य ग्रीसमधील निकोपोलिस येथे आपली शाळा काढली.

त्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. ॲरियन या शिष्याने त्याची व्याख्याने टिपून ठेवली. हाच ॲरियन पुढे अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा इतिहासकार आणि भारतवर्णनपर ‘इंडिका’चा कर्ता म्हणून प्रसिद्ध झाला. ‘प्रवचने’ या ग्रंथाचे चार भाग आज उपलब्ध आहेत. त्यातून निवडलेली ‘एन्खिरिडिऑन’ ही ५३ छोट्या प्रकरणांची पुस्तिका अधिक वाचली जाते. सम्राट मार्कस ऑरेलियस (१२१–१८०) याने आपला गुरू रस्टिकस याचे जे ऋण नोंदवले आहे, त्यात एपिक्टेटसच्या टिपणांची स्वतःजवळची प्रत त्या गुरूने वाचायला दिली, याचा उल्लेख आहे. गुलाम म्हणून वाढलेल्या माणसाचा विचार दोन पिढ्यांत सिंहासनापर्यंत पोचला तो असा.

सिद्धांत. पुस्तिकेच्या पहिल्याच प्रकरणात दोन याद्या येतात. मत, कृतीची प्रेरणा, इच्छा आणि तिटकारा या गोष्टी आपल्या हातातल्या. शरीर, मालमत्ता, नावलौकिक आणि अधिकारपद या हाताबाहेरच्या. दुसऱ्या यादीत शरीर पाहून आजचा वाचक थबकतो. पण तापाने फणफणलेल्या किंवा साखळदंडात अडकलेल्या माणसाचे शरीर त्याचे ऐकत नाही, असे एपिक्टेटसचे म्हणणे आहे. निवड करणाऱ्या शक्तीला तो ‘प्रोहायरेसिस’ म्हणतो आणि तिला बाहेरची कोणतीही सत्ता वाकवू शकत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे.

या सिद्धांतामागे स्टोइकांचे मानसशास्त्र आहे. बाहेरच्या घटनेचा मनावर आधी ठसा उमटतो. त्या ठशात अनेकदा एक निवाडाही दडलेला असतो. ‘त्याने मला पाहिले आणि मान फिरवली’ ही घटना झाली. ‘त्याने माझा अपमान केला’ हा निवाडा. मन या निवाड्याला संमती देते आणि मग राग भडकतो. म्हणून स्टोइकांच्या लेखी राग, भीती, हाव आणि शोक ही चुकीच्या निवाड्यांची फळे आहेत. उपाय भावना दाबण्याचा नाही. संमती देण्याआधी निवाडा तपासण्याचा आहे.

पहिला धक्का आणि संमती. हा भेद सर्वांत ठसठशीत दिसतो तो दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस जेलियस याच्या ‘ॲटिक रात्री’ या ग्रंथात (भाग १९, प्रकरण १). जेलियस ग्रीसकडून इटलीतील ब्रुंडिझियम बंदराकडे निघाला होता. आयोनियन समुद्रात वादळ उठले. जहाजात पाणी शिरू लागले आणि लोक ते उपसून उपसून दमले. जहाजावर अथेन्समधील एक नावाजलेला स्टोइक पंडितही होता. तो रडत-ओरडत नव्हता, पण त्याचा चेहरा इतरांइतकाच उतरला होता. समुद्र शांत होताच आशियातील एका धनिक प्रवाशाने त्याला टोमणा मारला : तत्त्वज्ञ असून तू घाबरलास, मी तर घाबरलो नाही! पंडिताने त्याला तेवढ्याच तिखट उत्तराने गप्प केले. नंतर जेलियसने खाजगीत खरे कारण विचारले, तेव्हा पंडिताने आपल्या थैलीतून एपिक्टेटसच्या ‘प्रवचनां’चा पाचवा भाग काढून दिला. हा भाग आज लुप्त आहे. त्यातील हा मुद्दा जेलियसच्या नोंदीमुळेच टिकला.

मुद्दा असा की, अचानक गडगडाट झाला किंवा काही कोसळले तर शहाण्याचेही मन क्षणभर हलते आणि रंग उडतो. ती हालचाल मताआधीची असते. तिला कोणी थोपवू शकत नाही. फरक पडतो तो पुढच्या क्षणी. शहाणा ‘हे खरोखरच भयंकर आहे’ या निवाड्याला संमती देत नाही. बाकीचे देतात आणि मग ती भीती मुक्काम ठोकते. रोमन स्टोइक सेनेका (सु. इ. स. पू. ४–इ. स. ६५) याने ‘क्रोधाविषयी’ या निबंधात हाच क्रम तीन टप्प्यांत सांगितला आहे : पहिला अनैच्छिक झटका; दुसरा ‘माझ्यावर अन्याय झाला, बदला घेतला पाहिजे’ असा विचार; तिसरा विचारालाही न जुमानणारा बेभान क्रोध. पहिल्यावर इलाज नाही आणि तिसऱ्यावर चालत नाही. जे काही करायचे ते दुसऱ्या टप्प्यावर. म्हणूनच रागावर विलंबासारखे औषध नाही, असे सेनेका बजावतो.

प्रयत्न आणि फळ. फळ हातात नाही म्हणून प्रयत्न सोडावा, असा निष्कर्ष स्टोइकांनी काढला नाही. रोमन लेखक सिसेरोच्या ‘दे फिनिबस’ (इ. स. पू. ४५) या ग्रंथात याचे उदाहरण नेमबाजाचे आहे. नेम नीट धरणे आणि बाण योग्य तऱ्हेने सोडणे त्याच्याकडे. सुटलेला बाण लक्ष्यावर लागणे न लागणे त्याच्याकडे नाही. नेमबाजाचे साध्य म्हणजे नेमबाजी उत्तम करणे. आरोग्य, पैसा, मानमरातब यांना स्टोइक तुच्छ लेखत नाहीत. ते मिळवण्याजोगे आहेत, पण माणसाचे भले-बुरे त्यांवर ठरत नाही, असे ते मानतात. बेत आखतानाही ‘काही आडवे आले नाही तर’ अशी अट मनात राखून ठेवावी, असे सेनेका सांगतो.

एपिक्टेटसचे आवडते नायक राजकारणातले आहेत. हेल्विडियस प्रिस्कस याला सम्राट व्हेस्पेशियनने सिनेटमध्ये येऊ नकोस, असा निरोप धाडला. मला सदस्यत्वावरून काढणे तुझ्या हातात आहे, पण सदस्य आहे तोवर मी येणार आणि मत विचारले तर योग्य वाटेल तेच बोलणार, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. अखेर त्याला प्राण गमवावे लागले. दुसरा अग्रिपिनस. सिनेटमध्ये त्याचा खटला चालू आहे, असे कोणी येऊन सांगितले. त्याची व्यायामाची आणि थंड पाण्याने अंघोळीची वेळ झाली होती, म्हणून तो तिकडे गेला. परतल्यावर शिक्षा झाल्याचे कळले. हद्दपारी की मृत्युदंड, हे त्याने विचारले. हद्दपारी. मालमत्ता? जप्त नाही. मग अरिकियाला जाऊन जेवू या, असे तो म्हणाला. अरिकिया हे रोमबाहेर पडणाऱ्या रस्त्यावरचे गाव होते.

सराव. ही शिकवण वाचून अंगी येत नाही, रोज घोटावी लागते, यावर सर्व स्टोइकांचा भर आहे. पुस्तिकेच्या चौथ्या प्रकरणातील तालीम सार्वजनिक स्नानगृहाची आहे. निघण्यापूर्वीच तिथे काय चालते ते डोळ्यांपुढे आणावे : कोणी पाणी उडवतो, कोणी धक्का देतो, कोणी शिव्या घालतो, कोणी कपडे लांबवतो. मला अंघोळ करायची आहे आणि मनाचा तोलही राखायचा आहे, असे स्वतःला सांगून निघावे. मार्कस ऑरेलियस सकाळीच स्वतःला बजावतो की, आज उपद्रवी, कृतघ्न, उद्धट माणसे भेटणार आहेत. वस्तूवरचे निवाड्याचे रंग खरवडून काढण्याचीही त्याला सवय होती. फालेर्नियन ही उंची मद्याची जात म्हणजे द्राक्षांचा रस. सम्राटाचे जांभळे वस्त्र म्हणजे शिंपल्यातल्या किड्याच्या रक्तात बुडवलेली मेंढीची लोकर. सेनेका रात्री दिवा मालवल्यावर दिवसभराच्या वागण्याची झडती घेई.

एपिक्टेटसच्या घरातील देव्हाऱ्यापाशी लोखंडी दिवा असे. तो चोरीला गेला. जे आहे तेच माणसाचे जाते, असे म्हणून आता मातीचा आणू, असे त्याने ठरवले. त्याच्या मृत्यूनंतर तो मातीचा दिवा कोणा हौशी माणसाने ३,००० द्राख्मांना विकत घेतला, अशी थट्टा उपहासलेखक लुशियनने केली आहे. दिवा मिळाला की शहाणपणही मिळेल, असे त्या गिऱ्हाइकाला वाटले होते.

आधुनिक काळ. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली. घटना, तिच्याविषयीची धारणा आणि भावनिक परिणाम या तिच्या त्रिसूत्रीत घटना थेट परिणाम घडवत नाही. मधली धारणा घडवते. हे सूत्र एपिक्टेटसकडून आल्याचे एलिस उघडपणे सांगत. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या बोधात्मक उपचारांवरील १९७९ च्या ग्रंथात आपल्या पद्धतीची तात्त्विक मुळे स्टोइकांपर्यंत नेली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या १९९८ च्या प्रयोगात किळस आणणारी चित्रफीत पाहताना ज्यांनी भावना चेहऱ्यावर येऊ दिली नाही, त्यांना किळस वाटायची ती वाटलीच आणि शरीरावरचा ताण वाढला. जे पाहतो आहोत त्याकडे ज्यांनी वेगळ्या दृष्टीने पाहिले, त्यांची किळसच कमी झाली. दाबणे वेगळे आणि निवाडा बदलणे वेगळे, हा जुना भेद इथे प्रयोगशाळेत दिसतो.

अमेरिकी नौदलाचे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांचे विमान ९ सप्टेंबर १९६५ रोजी उत्तर व्हिएतनाममध्ये पाडले गेले. त्यांनी सात वर्षांहून अधिक काळ कैदेत काढला, त्यात दीर्घ एकांतवासही होता. स्टॅनफर्डमध्ये वाचलेल्या एपिक्टेटसने आपल्याला तारले, असे त्यांनी पुढे लिहिले. त्यांनी नुसते सोसले नाही. भिंतीवर टकटक करून चालणाऱ्या सांकेतिक संभाषणातून कैद्यांचा प्रतिकार संघटित ठेवला.

मराठीत. एलिस यांचा विचार मराठीत आणण्यात मानसतज्ज्ञ कि. मो. फडके, ठाण्यात १९९० मध्ये मानसिक आरोग्य संस्था उभारणारे मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी आणि ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीच्या लेखिका अंजली जोशी यांचा वाटा आहे. मराठी वाचकाला या शिकवणीत गीतेतील कर्मफलत्याग आठवणे साहजिक आहे. फळावर हक्क न सांगता कर्म करावे, इथपर्यंत दोन्ही सोबत चालतात. पुढे वाटा फुटतात. गीतेत कर्म ईश्वरार्पण होते आणि मोक्षाकडे नेते. स्टोइकाला याच आयुष्यात निकोप विवेकाने जगणे हे अंतिम साध्य पुरते.

आक्षेप. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने १८०७ मध्ये स्टोइकांचे स्वातंत्र्य सिंहासनावर आणि साखळदंडात सारखेच राहते, म्हणूनच ते नुसते विचारातले, पोकळ स्वातंत्र्य ठरते, अशी टीका केली. अमेरिकी तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांना भावनेत निवाडा असतो हे मान्य आहे, पण म्हणून भावना मुळापासून उपटावी हे मान्य नाही. जिवलग गमावल्याचा शोक हा चुकीचा निवाडा नसून खरा असू शकतो, असे त्या म्हणतात. तत्त्वज्ञ विल्यम अर्विन यांनी २००९ मध्ये हातातल्या आणि हाताबाहेरच्या गोष्टींमध्ये ‘अंशतः हातातल्या’ असा तिसरा वर्ग घातला. त्यांच्या टीकाकारांना नेमबाजाच्या उदाहरणानंतर याची गरज दिसत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप सामाजिक आहे. एपिक्टेटसने गुलामीची प्रथा मोडावी असे कुठे म्हटलेले नाही, आणि आजही ही शिकवण कामाच्या जाचाखाली पिचलेल्यांना ‘प्रतिक्रिया सांभाळा’ म्हणून सुनावली जाते. हा वापर मूळ शिकवणीला धरून नाही. हेल्विडियसने ती स्वतःपुरती लावून सम्राटाला नकार दिला. निकोपोलिसच्या शाळेत समोर बसलेले बहुतेक विद्यार्थी सुखवस्तू घरांतले, पुढे अधिकारपदावर जाणारे तरुण होते आणि बोलणारा होता एकेकाळचा गुलाम. पद, पैसा आणि मर्जी यांच्या धाकात राहू नका, हे तो त्यांना सांगत होता. धाकात असलेल्यांनी गप्प बसावे, हे सांगत नव्हता.