अफूचा कायदा आणि बाळागोळी

अफूवरील कायद्यांचा आपल्या देशांतील इतिहास पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट चटकन् नजरेंत भरते. कायद्यानें अफूची पेटी फार दक्षतेनें मोजली. अफू खाणाऱ्या माणसाकडे त्याचें लक्ष फार उशिरा गेलें.

बिहार व बनारस या प्रांतीं कंपनीचा मक्ता होता. १८५७ च्या १३ व्या कायद्यानें तो पक्का बांधून काढला. परवान्यावांचून खसखशीचें पीक घ्यावयाचें नाहीं. निघालेला सर्व चीक सरकारी एजंटाच्या हवालीं, सरकारनें ठरविलेल्या भावानें, करावयाचा. ही अफू कलकत्त्यास लिलावांत विकली जाऊन बहुतेक चीनकडे रवाना होई.

माळव्याची गोष्ट निराळी. तेथें शिंदे, होळकर प्रभृतींचीं राज्यें. तेथील शेतकऱ्यावर कंपनीचा हुकूम चालेना. मग शेत सोडून तिनें रस्ता धरला. १८३० पासून मुंबईच्या वाटेनें जाणाऱ्या दर पेटीस १७५ रुपये घेऊन परवाना देण्याचें ठरलें. व्यापारीही कांहीं कमी नव्हते. ते माल कराचीवरून पोर्तुगीजांच्या दमणास नेत व तेथून जहाजांत भरीत. म्हणून १८३५ मध्यें दर १२५ वर उतरवावा लागला. १८४३ मध्यें सिंध इंग्रजांच्या ताब्यांत गेला, कराचीची वाट बंद झाली, आणि तोच दर लागलीच २००, १८४५ मध्यें ३०० व १८४७ मध्यें ४०० रुपये झाला. एवढ्या अवधींत अफूचा गुण पालटला नव्हता. पालटली होती ती वाट. मुंबईच्या कित्येक पेढ्या या व्यापारावर उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभाई हे त्या व्यापाऱ्यांतील अग्रगण्य. मुंबईंतील त्यांच्या नांवाचें रुग्णालय १८४५ मध्यें उघडलें, तें त्यांच्याच देणगीनें.

देशांतील विक्रीसाठीं १८७८ चा कायदा झाला. विनापरवाना अफू बाळगणारास वा विकणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड; आणि जवळच्या अफूचा समाधानकारक खुलासा आरोपीस करतां आला नाहीं, तर त्यानें गुन्हा केला असेंच गृहीत धरावयाचें. हें ऐकून कायदा कडक वाटेल. परंतु परवान्याच्या दुकानांतून ठराविक वजनापर्यंत अफू घेण्यास वैद्याची चिठ्ठी लागत नसे. १८९३ मध्यें लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शाही आयोगानेंही, औषधाव्यतिरिक्त अफू खाण्यास बंदी करण्याचें कारण नाहीं, असाच निर्वाळा १८९५ मध्यें दिला. हेन्री विल्सन यांनीं मात्र भिन्नमत नोंदविलें.

त्याच परवान्याच्या दुकानांतील अफू मुंबईच्या चाळींत तान्ह्या मुलांच्या तोंडांत जात होती. बाळागोळी तें तिचें नांव. घरोघरच्या मुरडशेंग-वेखंडाच्या बाळगुटीशीं तिचा घोटाळा करूं नये. आई गिरणींत जाण्यापूर्वीं गोळी देई. मूल दिवसभर गुंगींत पडून राही, भूक लागली तरी रडत नसे. आईला नांवें ठेवणें सोपें आहे. अकरा अकरा तास राबणारीनें मुलाला ठेवावें तरी कोठें? १९२० नंतर मुंबई सरकारनें गिरणींतील स्त्रियांच्या स्थितीची चौकशी एका स्त्री-डॉक्टरकडून करविली, तेव्हां ही चाल किती सर्रास होती तें उघड झालें. व्हिटले यांच्या मजूर आयोगानेंही १९३१ मध्यें तिची दखल घेतली. १८७८ च्या कायद्यास पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

स्वातंत्र्यानंतर खाण्याच्या अफूची विक्री क्रमाक्रमानें कमी करून, नोंदलेल्या व्यसनी लोकांखेरीज इतरांस ती १९५९ मध्यें बंद झाली. १९८५ च्या नव्या कायद्यानें जुने अफूचे कायदे रद्द केले व बहुतेक गुन्ह्यांस किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवली. आतां लंबक दुसऱ्या टोकास गेला. अफूपासूनच होणारें मॉर्फीन हें कर्करोग्याच्या असह्य वेदनेवरील खात्रीचें औषध. परवान्यांच्या गुंतागुंतीमुळें व शिक्षेच्या धाकानें औषधविक्रेते आणि रुग्णालयें तें ठेवीतनाशीं झालीं व त्याचा खप झपाट्यानें घसरला. २०१४ मध्यें संसदेनें कायदा दुरुस्त केला आणि अनेक परवान्यांऐवजीं एकाच अधिकाऱ्याच्या मान्यतेनें रुग्णालयांस मॉर्फीन ठेवण्याची सोय झाली. तरीही लहान गांवांतील रोग्यास तें सहजासहजीं मिळतेंच असें नाहीं. पुष्कळदां त्यासाठीं नातलगांस मोठ्या शहराची वाट धरावी लागते.