टाळी आणि मौन

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीत आज कडक मौन पाळले जाते. सिंफनी ही बहुधा चार भागांची रचना. दोन भागांमधील विरामात एखाद्या नवख्याने टाळी वाजवली, तर आजूबाजूचे लोक त्याच्याकडे डोळे वटारून पाहतात. हे मौन संगीताइतकेच जुने असावे, असा आपला समज होतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

१७२५ साली पॅरिसमध्ये 'कॉन्सेर स्पिरित्युएल' ही मैफलींची मालिका सुरू झाली. उपवासकाळात व मोठ्या सणांना ऑपेरा बंद असे. त्या दिवसांसाठी ही योजना होती. १८ जून १७७८ रोजी, ख्रिस्तशरीराच्या सणाला, तेथे बावीस वर्षांच्या मोझार्टची नवी सिंफनी सादर झाली. ३ जुलै रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने श्रोत्यांचे वर्णन केले आहे. पहिल्या भागाच्या मध्यावरच एका सुरावटीला टाळ्यांचा कडकडाट झाला. अखेरचा भाग त्याने मुद्दाम हळुवार सुरू केला होता. तेव्हा श्रोत्यांनीच एकमेकांना 'शूः' करून गप्प केले आणि सारा वाद्यवृंद गर्जू लागताच पुन्हा टाळ्या पिटल्या. मोझार्टला याचा राग तर आला नाहीच. उलट आनंदाने बाहेर पडून त्याने आइस्क्रीम खाल्ले आणि बोललेल्या नवसाप्रमाणे रोझरी म्हटली!

पुढे १८१३ साली व्हिएन्नात बेथोवेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग श्रोत्यांच्या आग्रहाने पुन्हा वाजवावा लागला. पण एकोणिसाव्या शतकात संगीतरचना ही अखंड, जणू पवित्र वस्तू मानली जाऊ लागली. मेंडेलसोनने १८४२ च्या आपल्या 'स्कॉटिश' सिंफनीचे भाग न थांबता वाजवावेत, असे सुचवले. वाग्नरने १८७६ मध्ये बायरॉइटच्या नाट्यगृहात प्रेक्षागार अंधारात ठेवले. १८८२ साली तेथेच 'पार्सिफाल'च्या प्रयोगात टाळ्यांविषयी श्रोत्यांचा गोंधळ उडाला. एका प्रवेशानंतर स्वतः वाग्नर 'ब्राव्हो' म्हणाला, तेव्हा श्रोत्यांनी खुद्द संगीतकारालाच गप्प केले!

पॅरिसकरांनी 'शूः' केले ते सूर नीट ऐकू यावेत म्हणून. बायरॉइटमध्ये मात्र शिष्टाचार मोडू नये म्हणून. मौनामुळे सूक्ष्म स्वर कानी पडतात, हा लाभ आम्हांला मान्य आहे. परंतु ज्याचे मन खरोखर हेलावले, त्यालाच खजील करणारे मौन संगीताची सेवा करीत नाही. नियम श्रवणासाठी आहेत, श्रवण नियमांसाठी नव्हे, एवढे ध्यानी ठेवले तर टाळी आणि मौन दोन्ही शोभून दिसतील.