स्ट्रोकर एंजिन

स्ट्रोकर एंजिन : पिस्टनची धाव मूळ आखणीहून लांबवून ज्याचे घनमान वाढविले आहे, असे एंजिन. याकरिता क्रँकशाफ्टवरील क्रँकपिनचे केंद्र मुख्य अक्षापासून दूर नेतात. हे अंतर २.५ मिमी. वाढले की धाव ५ मिमी.ने वाढते. पुण्यातील बिबवेवाडीसारख्या उपनगरात रविवारच्या रपेटीसाठी जुनी प्रीमियर पद्मिनी जपणाऱ्या हौशी गृहस्थास हे गणित सहज पडताळता येईल : ६८ मिमी. व्यास व ७५ मिमी. धाव असलेल्या तिच्या चार सिलिंडरांचे घनमान १,०८९ घ. सेंमी. असून, धाव ८० मिमी. केल्यास ते सुमारे १,१६२ घ. सेंमी. होईल. मात्र पिस्टन सिलिंडर हेडवर आदळू नये म्हणून त्याची गजन पिनेपासूनची उंची घटवावी लागते, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ब्लॉकला घासतात काय हे क्रँकशाफ्ट हाताने सावकाश फिरवून पाहावे लागते, आणि फिरत्या भागांचा समतोल नव्याने साधावा लागतो. कमी फेऱ्यांतही भरघोस टॉर्क मिळणे, हा या परिश्रमांचा खरा लाभ होय. परंतु पिस्टनचा वेग वाढल्याने झीजही वाढते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल अशा फेरबदलास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मज्जाव असल्याने, कामास हात घालण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे रीतसर चौकशी करणे हे मालकाचे कर्तव्य ठरते.